नऊ दिवसांची ओळख

१९४३ च्या फेब्रुवारीत, एका शनिवारी, जबलपुरात बडा फुहारा चौकाजवळच्या कापडाच्या दुकानात विनताने दिवाकरला पहिल्यांदा पाहिलं. खाकी वर्दीतला उंच, सावळा माणूस दुकानदाराला मोडक्या हिंदीत सांगत होता की आईसाठी नऊवारी लुगडं पाहिजे. दुकानदार त्याच्यापुढे पाचवारीच टाकत होता. "इससे बड़ा नहीं आता, फौजी भैया." शेवटी तो माणूस स्वतःशीच पुटपुटला, "आता हे याले कसं सांगू, बाप्पा!"

विनताला हसू आलं. त्याने वळून पाहिलं.

"काहून हसून राहिल्या?"

"तुम्ही मराठीत मागितलं असतं तर मिळालं असतं," ती म्हणाली, आणि दुकानदाराला मागचं कपाट उघडायला लावलं. मराठी घरांसाठी ठेवलेली नऊवारी त्याच कपाटात असत, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

विनता तेव्हा बावीस वर्षांची. मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. आई लहानपणीच गेलेली. वडील, बापूसाहेब, निवृत्त मास्तर. भोसल्यांच्या चाकरीत त्यांचे पूर्वज जबलपुरात आले आणि इथलेच झाले. गोलबाजारामागच्या घराच्या पुढच्या खोलीत बापूसाहेब संध्याकाळी मराठी वाचनालय चालवत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचायला म्हणून दिवाकर तिथे हजर झाला. तिसऱ्या दिवशीही आला. तो पुलगावचा, मॅट्रिक झालेला. फौजेत वायरलेस ऑपरेटर म्हणून भरती होऊन ट्रेनिंगला जबलपूरला आलेला. गावात त्याच्या ओळखीचं कुणी नव्हतं.

पाचव्या दिवशी शाळेला सुट्टी होती. शेजारची बेबीताई आणि तिचा नवरा तुळशीराम मदन महालच्या टेकडीवर जाणार होते. विनताही निघाली आणि दिवाकरलाही बोलावलं गेलं. तुळशीराम खमरियाच्या नव्या दारूगोळा कारखान्यात लागला होता आणि वाटभर कारखान्याबद्दलच बोलत होता. वर किल्ल्यापाशी ती नवराबायको मागे राहिली. दिवाकर दगडाला टेकून उभा होता. एकाएकी म्हणाला,

"मी पुढच्या गुरुवारी जाऊन राहिलो. कुठे, ते आम्हाले सांगत नाहीत. पूर्वेकडे, एवढंच समजलं."

विनता शेजारच्या दगडावर बसली.

"माणूस परत येते तेव्हा कोणाकडे येऊन राहिला, हे त्याले माहीत पाहिजे. माझ्याशी लग्न कराल?"

आजवर विनताबद्दल पुष्कळांनी पुष्कळ विचारलं होतं. उंची किती, पत्रिका जुळते का, नोकरी सोडेल का. तीन ठिकाणांहून नकार आला होता. पण हे सगळं विचारलं होतं बापूसाहेबांना. तिला स्वतःला कुणी काही विचारलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

दिवाकरच घाबरला. "विचार करून सांगा. उद्या सांगा."

"उद्या पण हेच सांगेन. बाबांशी मी बोलते."

बापूसाहेब ओरडले नाहीत. जात एकच होती, पोटजात वेगळी. तिकडे त्यांनी लक्षही दिलं नाही. चष्मा काढून ते एवढंच म्हणाले, "विनू, चार-आठ दिवसांत माणूस कळत नसतो."

"तुम्ही तर आईला अंतरपाट दूर झाल्यावरच पाहिलंत."

"आमच्यामागे दोन घरांची चौकशी होती. तू कोणाकडे चौकशी केलीस?"

"माझ्याकडे केली," विनता म्हणाली.

ओळख झाल्यापासून नवव्या दिवशी, वाचनालयाच्या खोलीतली बाकं बाहेर काढून, पंधरा माणसांत लग्न लागलं. पुलगावहून दिवाकरची आई पोहोचू शकली नाही. तार उशिरा गेली होती. मग चार दिवस ती दोघं मागच्या खोलीत राहिली. त्या चार दिवसांत विनताला कळलं की तो भाकरीबरोबर हिरवी मिरची कच्ची खातो, दाढी करताना गुणगुणतो आणि चारचौघांत गप्प होतो. तो हसला की त्याचा एक डोळा आधी बारीक होतो. पण त्याला राग कसा येतो, दुःख झालं की तो काय करतो, हे बघायला चार दिवस पुरणारे नव्हते. गुरुवारी ती त्याला स्टेशनवर पोहोचवायला गेली. गाडी हलली तेव्हा तो ओरडून काहीतरी म्हणाला. ते तिला ऐकू आलं नाही.

नोव्हेंबरात मुलगा झाला. दिवाकरने पत्रातूनच नाव कळवलं होतं. मुलगा झाला तर आजोबांचं नाव, शालिग्राम. महिनाभर आधी शेजारी बेबीताईला मुलगी झाली होती, मीरा. दोन्ही मुलं एकाच चटईवर, एकाच उन्हात वाढू लागली.

पत्रांवर गावाचं नाव नसे, नुसता नंबर असे. विनता दर आठवड्याला लिहायची. शालिग्राम पालथा पडला. शालिग्राम बापूसाहेबांच्या मिशा ओढतो. मेच्या सुरुवातीला त्याला खालचा पहिला दात आला, तो दिसतो कसा आणि चावतो कसा यावर तिने पूर्ण पान लिहिलं.

मे सरता सरता शालिग्रामला जुलाब सुरू झाले. डॉक्टर रोज दोनदा येत होते. त्यांनी आणि घरच्यांनी करायचं ते सगळं केलं. सात जूनला सकाळी नऊच्या सुमारास तो विनताच्या मांडीवर गेला. सात महिन्यांचा होता. बापूसाहेब आणि तुळशीराम त्याला नदीवर, ग्वारीघाटावर घेऊन गेले.

बाराव्या दिवशी दिवाकरचं पत्र आलं. महिन्यापूर्वी लिहिलेलं. त्यात होतं: "दाताची बातमी मी सगळ्यांना वाचून दाखवली. आमच्या खंदकात आता तो सगळ्यांचाच शालिग्राम आहे. विठोबा म्हणून आमच्या शेजारच्या वऱ्हाडातला एक आहे, तो रोज सकाळी विचारतो, आज पोराने काय केलं? इथलं काही लिहिण्यासारखं नाही. दोन चांगली माणसं गेली. तू त्याच्याबद्दल लिहीत राहा. तेवढ्यावर मी आहे."

विनताने ते पत्र बापूसाहेबांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं आणि बराच वेळ घडी घालत बसले.

"लिही त्याला," ते म्हणाले. "बाप आहे तो."

"आणि वाचून त्याने तिथं काही करून घेतलं तर?"

"तसा माणूस आहे का तो?"

"मला काय माहीत, बाबा? चार-आठ दिवसांत माणूस कळत नसतो. तुम्हीच म्हणाला होता."

पुढे बापूसाहेब कितीदा तरी म्हणायचे की तेव्हा आपण बोलायला हवं होतं, निदान पत्र आपण लिहायला हवं होतं. त्या दिवशी मात्र ते उठून वाचनालयात गेले. विनताने कागद घेतला. पहिली ओळ लिहायला तिला दुपार लागली. "शालिग्राम आता आधाराशिवाय बसतो."

त्यानंतर हात थांबला नाही. पुलगावला सासूलाही तिने काही कळू दिलं नाही. मीरा रांगली की शालिग्राम रांगायचा. मीरा उंबऱ्यावर पडली, कपाळाला टेंगूळ आलं. आठ दिवसांनी ते टेंगूळ पत्रातून ब्रह्मदेशाच्या वाटेला लागलं. मीरा "पानी" म्हणाली, तर शालिग्राम "पाणी" म्हणाला. बेबीताईला सगळं ठाऊक होतं. एकदा ती म्हणाली, "दीदी, तुला लिहिताना पाहते तर भीती वाटते. तू लिहिता लिहिता हसून राहिली होतीस."

१९४५ च्या ऑगस्टमध्ये लढाई संपली. आता सांगायला हवं, असं विनताने ठरवलं. तीन ओळी लिहिल्या आणि कागद फाडला. आता नुसतं मुलाचं मरण सांगून भागणार नव्हतं. चौदा महिन्यांचं खोटंही सांगावं लागणार होतं. समोरासमोर सांगू, तिने ठरवलं. मग रंगूनहून पत्र आलं. "इथे एक चिनी कारागीर बूट फार सुरेख करतो. शालिग्रामच्या पायाचं माप कागदावर काढून पाठव."

विनता कागद-पेन्सिल घेऊन शेजारी गेली. बेबीताईने मीराला मांडीवर घेतलं.

"दीदी, हे नको करूस. हे पाप लागते."

"शेवटचं," विनता म्हणाली. "तो आला की सांगणारच आहे मी."

मीराच्या तळव्याला पेन्सिलीने गुदगुल्या झाल्या, ती खिदळली आणि रेघ जरा वाकडी गेली. विनताने ती खोडून नीट केली.

दिवाकर १९४६ च्या मार्चच्या शेवटी येणार होता. तो आला बारा तारखेला, न कळवता. विनताची सकाळची शाळा होती. साडेअकराला ती गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिला घरापुढच्या ओट्यावर खाकी पाठ दिसली. बाजूला ट्रंक होती. बापूसाहेब घरी नव्हते. दिवाकरच्या मांडीवर मीरा बसली होती, नेहमीसारखी ओट्यावर खेळायला आलेली, नुसत्या झबल्यात, केस मानेपर्यंत. तो तिच्या पायांत लाल बूट चढवत होता.

विनताला पाहून त्याचा एक डोळा आधी बारीक झाला. "बघ! काय बरोबर बसले. आणि याचं जावळ काहून नाही काढलं अजून? पोरगी दिसून राहिला."

विनता ओट्याच्या पायरीशीच उभी राहिली.

"ही मीरा आहे," ती म्हणाली. "बेबीताईची."

तो हसतच होता. "बरं. अन् आपला?"

तिने सांगितलं. कितीदा तरी मनात घोळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आलं नाही. "तो नाही. जुलाब झाले होते. सात जूनला गेला."

"कोणत्या सात जूनला? अजून तर मार्च आहे."

"चव्वेचाळीसच्या."

दिवाकरने मीराला मांडीवरून उतरवलं. बूट काढले नाहीत. मीरा नवे बूट वाजवत आपल्या आईकडे धावली आणि दारात बेबीताईने तिला उचलून आत नेलं. दिवाकर ओरडेल असं विनताला वाटलं. तो ओरडला नाही. दुपारी बापूसाहेब आले, तेव्हा उठून त्यांच्या पाया पडला. जेवायला बसला आणि जेवलाही.

दुसऱ्या दिवशी त्याने ट्रंकेतून पत्रांचा गठ्ठा काढला. मेणकापडात गुंडाळून त्याने सगळी जपली होती. तारखा बघून दोन भाग केले. पहिला भाग लहान होता. दुसऱ्यातलं एकेक पत्र उचलून तो विचारत गेला, आवाज न चढवता.

"हे टेंगूळ कोणाचं?"

"मीराचं."

"हे पाणी म्हणणं?"

"मीराचंच."

"चिमणीच्या मागे पळून नालीत पडला, ते?"

"ते कुणाचंच नाही. ते मी नुसतंच लिहिलं."

त्याने ते पत्र वेगळं ठेवलं. मग म्हणाला, "ब्रह्मदेशात मेमिओ गावात शिरायच्या आधी विठोबाले गोळी लागली. पोटात. दोन घंटे होता. मले म्हणे, काही सांग. मी त्याले हे नालीचं सांगितलं. तो हसला." दिवाकरने गठ्ठा बांधला. "मरणाऱ्या माणसाले मी खोटं सांगितलं, अन् मले माहीत पण नव्हतं."

"मी तुमच्यासाठीच केलं," विनता म्हणाली. "मला वाटलं तुम्हाला सहन नाही होणार."

"तुले वाटलं मी मरून जाईन?"

"मला माहीत नव्हतं. मी ओळखत कुठे होते तुम्हाला?"

"झालं असतं सहन," तो म्हणाला. "तिथं सगळेच कोणी ना कोणी गेल्याचं सहन करून राहिले होते. माझ्याबरोबर सगळे रडले असते. आता मी कोणापाशी रडू? इथं तर सगळ्यांचं रडून झालं."

हे ऐकल्यावर विनताला पहिल्यांदा कळलं की आपण त्याच्याकडून काय घेतलं.

तीन दिवसांनी तो आईला भेटायला पुलगावला गेला. आठ दिवसांत येतो म्हणाला होता. आला नाही. विनता रोज ठरवायची की उद्या आपणच गाडीत बसू. पण सासूला आपण कधी पाहिलेलं नाही, तिथे जाऊन काय सांगायचं, तो तोंड फिरवेल, या विचाराने राहून जायचं.

जुलैत त्याचं पत्र आलं. इटारसीला रेल्वेच्या तारघरात नोकरी मिळाली होती. "क्वार्टर मिळालं आहे. यायचं असलं तर ये."

एवढंच. टेकडीवर जिने क्षणात हो म्हटलं होतं, तिला उत्तराच्या चार ओळी लिहायला चार दिवस लागले. प्रत्येक शब्द तिला संशयाचा वाटत होता. तो हेही वाचून विचारेल, हे कोणाचं? शेवटी तिने लिहिलं की बाबांची तब्येत बरी नाही, दिवाळीनंतर येते. बाबांची तब्येत खरोखरच बरी नव्हती. पण ते काही अंथरुणाला खिळलेले नव्हते आणि त्यांनीच तिला जा म्हणून सांगितलं होतं. "विनू, सामान बांध. जे आहे ते तिथं जाऊन भांडा." दिवाळी झाली. दिवाकरने पुन्हा विचारलं नाही आणि न विचारता जायचं धाडस तिला झालं नाही. पुढच्या वर्षी बापूसाहेब गेले. दिवाकरचं सांत्वनाचं पत्र आलं, व्यवस्थित, दोन परिच्छेदांचं.

१९४९ च्या फाल्गुनात, एका रविवारी दुपारी, तो स्वतः आला. कानापाशी केस पांढरे झाले होते. विनताने पाणी दिलं. तो वाचनालयाच्या बाकावर बसला, जावयासारखा नाही, वाचकासारखा.

"आई मागे लागून राहिली," तो म्हणाला. "दुसरं कर म्हणते. आर्वीकडची आहे कोणी, अंजनी म्हणून. मी म्हटलं, पहिले विनताले विचारतो."

विनताने त्याच्या हातातला पेला घेतला.

"तू नाही म्हण, तर मी नाही करत. तुले यायचं असलं तर आत्ता पण ये. मी काही त्या जुन्याचं धरून नाही बसलो."

तिच्या मनात आलं, नाही म्हणावं. म्हणावं की थांबा, साडी बदलते, येते. पण त्याच्याकडे बघता बघता तिला वाटलं की हा विचारायला आलाय तो सभ्यपणाने. याला घर हवंय, मूल हवंय, आपल्याजवळ बसला की याला ते गेलेलं मूलच आठवणार. त्याला मोकळं करावं. त्याच्या भल्याचं काय ते पुन्हा एकदा तिनेच ठरवलं.

"करा तुम्ही लग्न," ती म्हणाली. "मला काही वाटणार नाही."

दिवाकर तिच्याकडे निरखून बघत राहिला. "हे खरं सांगून राहिली का? तुझं खरं कोणतं, खोटं कोणतं, मले अजून ओळखू येत नाही, विनता. म्हणून विचारून राहिलो."

"खरं सांगते," ती म्हणाली.

"अच्छा," तो म्हणाला, आणि उठला. पॅसेंजर मदन महाल स्टेशनवर थांबते, ती धरतो म्हणाला. जेवायला थांबला नाही.

तो गेल्यावर दहा मिनिटांनी विनताने पायात चपला घातल्या. गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. बेबीताई दारात गहू निवडत होती. "कुठे निघालीस, दीदी, एवढ्या उन्हात?" "कुठे नाही," विनता म्हणाली. गाडीची वेळ होऊन गेली असणार, असं तिने स्वतःला सांगितलं आणि परत फिरली.

वैशाखात दिवाकरचं लग्न झालं. पत्रिका त्याने पाठवली होती. पण विनताच्या लेखी ते लग्न आधीच लागून गेलं होतं, तो येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या सोमवारी संध्याकाळी तुळशीराम खमरियाहून आला, सायकल भिंतीला टेकवली आणि सहज म्हणाला,

"दीदी, काल मी साल्याला घ्यायला मदन महालवर गेलो होतो, तर दिवाकरजी भेटले. पॅसेंजर दीड घंटा लेट होती. मी म्हटलं, चलो, चाय पिऊ, तर नको म्हणाले. बाकावर बसून नुसते फाटकाकडे बघून राहिले होते. कोणी येणार होतं का?"

विनता कणीक मळत होती. तिने हात धुतले, पुसले.

"मी जाणार होते," ती म्हणाली. तुळशीरामला वाटलं, तिला आणखी काही सांगायचं आहे, म्हणून तो थोडा वेळ थांबला, मग सायकल घेऊन आपल्या घरात गेला.